चकाकणारं काही नको

हॉलच्या मोठ्या खिडकीला गज लावायचे नाहीत, हे आमच्या घरात सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत जास्त वाद होऊन ठरलं. डिंगोऱ्याच्या शिवारात, गावापासून जरा लांब, आमच्या मळ्यातच आम्ही घर बांधलं होतं. तिन्ही बाजूंनी ऊस आणि चौथ्या बाजूला रस्त्याकडे जाणारी पाणंद. त्या चौथ्या बाजूला, डोंगराकडे तोंड करून, ही खिडकी. यांचं ओतूरला मोटारी भरायचं दुकान आहे; विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करून देतात. मी जवळच्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मुलगी पुण्यात शिकायला, आणि घरात माझ्या सासूबाई. त्यांना मी लग्नापासून आत्याबाई म्हणते.

आत्याबाई खिडकीसमोर उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "ही खिडकी हाय का दुकान? गज न्हाई, जाळी न्हाई. आपण काय विकायला बसलोय व्हय?"

"आत्याबाई, काच जाड आहे. आणि गज लावले तर डोंगर कापल्यासारखा दिसतो."

"डोंगर कुठं पळून चाललाय? दारातनं बघावा की."

पण मुलीनं पुण्याहून फोनवर घरांचे फोटो पाठवले होते. पांढऱ्या भिंती, गुडघ्यापासून छतापर्यंत काच, आरशासारखी फरशी. ते बघून माझं ठरलं. खरं सांगायचं तर माझं असं काही ठरलं नव्हतंच. लग्नानंतर आम्ही भाड्याच्या खोल्यांत राहिलो, कधी घोडेगावला, कधी नारायणगावला, माझी बदली होईल तिथं. भिंतीचा रंग घरमालकाचा, पडद्याचे खिळेही घरमालकाचे. एका मालकीणबाईंनी कॅलेंडरलासुद्धा खिळा ठोकू दिला नाही; वर्षभर ते आम्ही दाराच्या कडीला अडकवलं होतं. त्यामुळे घर बांधताना यांनी जेव्हा विचारलं, "बोल, तुला काय आवडतं?" तेव्हा मला उत्तरच सुचेना. शाळेत फळ्यापुढं उभं करून न शिकवलेलं गणित घातल्यासारखं झालं. चुकलं तर? आयुष्यात एकदाच होणारं घर, आणि मी निवडलेलं बघून लोक हसले तर? त्यापेक्षा फोटोतलं बरं. फोटोतलं कुणीतरी आधीच निवडलेलं असतं.

तसंच घर झालं. चकचकीत पांढरी फरशी, पांढऱ्या भिंती, आणि टीव्हीचं कपाट असं की त्याच्या दारांत तोंड बघून केस विंचरावेत. वास्तुशांतीला गावातल्या बायका आल्या, त्या भिंतीला धरून उभ्याच राहिल्या. एक जण म्हणाली, "लॉजवानी झालंय बाई." ती कौतुकानंच म्हणाली. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, आणि रात्री झोपताना का कोण जाणे, आपण पाहुण्यांकडे मुक्कामाला आहोत असं वाटलं.

बिबट्या आमच्याकडे नवा नाही. ओझर, ओतूर, तिकडं आंबेगावात माझ्या माहेरी महाळुंगे पडवळला, सगळीकडेच तो उसात असतो. कुणाची शेळी गेली, कुणाचं वासरू गेलं, हे आम्ही बाजारभावासारखं ऐकतो. पण ते ऐकलेलं असतं.

थंडीचे दिवस होते. शाळेतून येऊन चहा झाला. दिवस नुकताच मावळला होता, बाहेर राखी उजेड होता. हॉलमध्ये लाईट लावून आत्याबाई खिडकीलगतच्या सोफ्याला टेकून खाली बसल्या होत्या आणि ताटात मेथी निवडत होत्या. मी शेजारी मुलांचे पेपर तपासत होते. हे अजून दुकानात. तेवढ्यात दार खरवडल्याचा आवाज आला. आमचा कुत्रा एरवी असं करत नाही. त्याला आत घेतलेलं आत्याबाईंना चालत नाही, हे त्याला ठाऊक असतं. मी दार जरासं उघडलं, तो माझ्या पायांमधून घुसला आणि थेट सोफ्याखाली गेला. भुंकला नाही. मी बाहेर बघितलंच नाही. दार लावलं आणि कडी घातली. का घातली ते आजही सांगता येत नाही.

मागं वळले तर फरशीवर काहीतरी पिवळसर सरकलं. मला वाटलं, माझीच ओढणी. मी थांबले. ते थांबलं नाही.

मग टीव्हीच्या कपाटात मला तो दिसला. कपाटाच्या त्या आरशासारख्या दारांत आमचा सोफा होता, आत्याबाईंचं पांढरं डोकं होतं, ट्यूबलाईट होती, आणि सोफ्याच्या मागं, आत्याबाईंच्या खांद्याला लागून, बिबट्याचं तोंड होतं.

तो घरात आहे असंच मला वाटलं. खरा बिबट्या कुठला आणि आरशातला कुठला, पुढचा कोणता, मागचा कोणता, काही कळेना. खिडकीत बघावं तर तिथंही आम्हीच दिसत होतो. मी उभी, आत्याबाई बसलेल्या, मेथीचा ढीग, आणि त्या सगळ्यातून हलणारे ठिपके. आत्याबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझी नजर होती तिकडं पाहिलं. ताट तसंच हातात धरून त्या एवढंच म्हणाल्या, "लाईट घालव."

बटण माझ्या हाताशीच होतं. मी ते दाबलं.

लाईट गेली आणि काचेतले आम्ही नाहीसे झालो. उरला तो एकटा. काचेच्या पलीकडे, बाहेरच्या ओट्यावर उभा. आत नव्हता. पण आत्याबाईंचा हात पोचेल एवढ्यावर होता. मान खाली घालून काचेच्या कडेनं हुंगत चालला होता, सोफ्याखालच्या कुत्र्याचा वास त्याला लागत असणार. त्याच्या श्वासानं काच धुरकटायची आणि पुन्हा निवळायची. मग त्यानं पुढचा पंजा उचलला आणि काचेवर ठेवला. मारला नाही, नुसता ठेवला, दार लोटून बघतात तसा. काच चौकटीत थरथरली. मनात एकच होतं, दुकानदार म्हणाला होता की काच जाड आहे. किती जाड, ते मी विचारलं नव्हतं.

आत्याबाईंनी सरकत माझ्यापाशी येऊन माझी मनगटं धरली. त्यांची बोटं मेथीनं ओली होती.

तो कधी गेला ते आम्हाला दिसलं नाही. ओटा रिकामा दिसायला लागला, एवढंच. रिकामा ओटा त्याच्यापेक्षा वाईट होता. आता तो कुठंही असू शकत होता.

मग मला यांची आठवण झाली. फोन लावला. रिंग जात होती, उचलत नव्हते. म्हणजे दुकान बंद करून मोटरसायकलवर बसले होते. पाणंदीत दोन्ही बाजूंना ऊस डोक्याच्या वर गेलेला. मी पुन्हा पुन्हा लावत राहिले. आत्याबाई खिडकीपासून लांब, भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या आणि हळू आवाजात ओझरच्या विघ्नहराला हाका मारत होत्या, "माझं लेकरू आण बाबा घरी, माझं लेकरू आण."

लांबून गाडीचा दिवा दिसला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीला तोंड लावून ओरडले, "उतरू नका! गाडीवरून उतरू नका! बिबट्या!" यांनी गाडी थांबवली, काही ऐकू न आल्यासारखे क्षणभर बघत राहिले, मग एकदम हॉर्न दाबून धरला. आत्याबाईंच्या गुडघ्यांसाठी आम्ही ओट्याला पायऱ्यांऐवजी उतार केला होता. मी दार उघडलं आणि हे हॉर्न वाजवत, तशीच गाडी चढवून सरळ हॉलमध्ये आले. त्या गुळगुळीत फरशीवर चाक घसरलं, गाडी आडवी झाली आणि सोफ्याला जाऊन टेकली. मी दार लावलं. गाडीखालून उठता उठता हे म्हणाले, "कुठंय?" आणि आम्ही दोघी एकदमच रडायला लागलो.

दुसऱ्या दिवशी काचेवर पंज्याचा मातकट ठसा होता. वनखात्याची माणसं येऊन बघून गेली. उसाच्या कडेला त्यांनी पिंजरा लावला, आत कप्प्यात शेळी. ती शेळी दिवसभर ओरडायची. ठसा मी साबणानं धुतला, मग पुन्हा धुतला, तरी उजेड तिरपा पडला की मला तो दिसायचा. यांना दिसत नव्हता.

त्यानंतरचे दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. वेल्डरनं येऊन खिडकीला घाईघाईत आडवे गज ठोकले. यांनी घराच्या चारी कोपऱ्यांना मोठे दिवे लावले. भीती बाहेरून येते असं आम्ही धरून चाललो होतो. पण माझी भीती आत होती, फरशीत. चालताना माझ्या पायाखाली कोणीतरी चालायचं. पंखा फिरला की कपाटात काहीतरी हलायचं. आत्याबाई आतल्या खोलीतून बाहेर आल्या की आधी त्यांची सावली फरशीवर यायची आणि माझ्या हातातलं भांडं पडायचं. मी कपाटावर जुनी साडी टाकली. खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवली. मांडणीवरची स्टीलची ताटं पालथी केली. एक दिवस हे घरी आले तर मी फ्रीजवर चादर पांघरली होती.

हे चादरीकडे बघत जवळ आले. मग हलकेच म्हणाले, "अगं, थंडी वाजते का त्याला?"

मी हसायला गेले आणि हुंदका आला. यांनी चादरीचं एक टोक खाली घसरलं होतं ते नीट खोचलं आणि हातपाय धुवायला गेले.

हॉलमध्ये आता कुणी बसत नव्हतं. कुणी ठरवलं नव्हतं, पण आत्याबाईंची खाट स्वयंपाकघरात आली, टीव्ही पिठाच्या डब्यावर आला, मी स्वयंपाकाच्या ओट्यावरच पेपर तपासायला लागले. एवढं नवंकोरं घर, आणि आम्ही तिघं आणि कुत्रा, एका खोलीत. आत्याबाई मला रोज सांगायच्या, "म्या न्हाई भ्याले. म्हातारीला खाऊन त्याचं काय भरणार व्हतं?" पण अंधार पडल्यावर न्हाणीघरात जायचं टाळायला त्या दुपारनंतर पाणीच पीत नव्हत्या, हे मला त्यांचा तांब्या भरलेला बघून कळलं. मग आम्ही दोघी मिळून जायला लागलो. एक आत, एक दाराशी. बाहेरची सारखी बोलत राहायची, काहीही, म्हणजे आतल्या बाईला धीर.

माझी एक मैत्रीण आमच्याच शाळेत आहे. ती जुन्नर गावात राहते, पेठेत तिच्या भावाचं पडद्यांच्या आणि गाद्यांच्या कापडाचं दुकान आहे. ती मला बघायला आली. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि एकदम दचकून मागं झाली.

"या अल्ला! माझाच मला धसका बसला गं. तुझ्या घरात सगळं दोनदा दिसतंय."

इतके दिवस मला जे सांगता येत नव्हतं ते हेच होतं. पण ती काही मोठं बोलून गेली असं तिला वाटलंच नाही; ती फरशीवरून जपून चालत स्वयंपाकघरात आली, आत्याबाईंच्या खाटेवर बसली आणि चहात आलं घालतेस का म्हणाली.

"मला चकाकणारं काही नको," मी म्हणाले. चहा गाळता गाळता म्हणाले. घराबद्दल मी स्वतःहून बोललेलं ते पहिलं वाक्य.

रविवारी मी जुन्नरला तिच्या भावाच्या दुकानात गेले. त्यांनी गादीवर तागे उलगडायला सुरुवात केली. सॅटिन, चमकीचं, जरीच्या फुलांचं. "भाभी, हे सध्या लई चालतंय." मी नको म्हणत गेले. मग त्यांनी एक नवा तागा फेकला, तो भसकन माझ्या मांडीपर्यंत आला. पिवळ्या कापडावर तपकिरी ठिपके. मी दुकानाच्या पायरीपर्यंत मागं गेले. गल्लीतली माणसं बघायला लागली. मैत्रिणीनं तो तागा गुंडाळून गादीमागं टाकला आणि भावाला म्हणाली, "ते वरचं काढ. जाडं."

वरच्या फळीवरून धुळीनं भरलेला गठ्ठा खाली आला. जाडंभरडं सुती कापड, गडद निळं. मी त्यावर हात ठेवला. ते उजेड परत फेकत नव्हतं, पिऊन टाकत होतं. मी ते डोळ्यांपुढं धरलं, नाकाला लावलं, त्याचा वास घेतला. फोन पिशवीतच होता. मुलीला फोटो पाठवावा असं वाटलं, आणि हात पिशवीपर्यंत गेलाही. मग वाटलं, ती नको म्हणाली तर? आणि लगेच वाटलं, ती नको म्हणाली तरी मला हेच पाहिजे. मला भीतीच वाटली त्या वाटण्याची. असा हट्ट मी आधी कधी केला नव्हता.

निळे पडदे आले. सतरंज्या आल्या, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, म्हणजे फरशी दिसायचीच बंद झाली. पायाखालचं ते दुसरं माणूस गेलं. टीव्हीच्या कपाटाचा चकचकीत पापुद्रा यांनी पटाशीनं खरवडून काढला. आत साधं लाकडी प्लायवूड निघालं, रेषारेषांचं. हे म्हणाले, "यावर आता दुसरा कागद चिकटवू." मी म्हणाले, "नको, असंच." त्याला नुसतं तेल पाजलं. पांढऱ्या भिंती रात्री दिव्यात फार उजळायच्या, त्यांना मी मातकट, जरा लालसर रंग दिला. रंगवाल्यानं विचारलं, चमक येणारा देऊ का, धुता येतो. मी नको म्हटलं. धुता नाही आला तरी चालेल. एकेक गोष्ट मी भीतीपोटी करत होते. पण करता करता माझ्या लक्षात येत होतं की भीती थोडी बाजूला ठेवून विचारलं तरी मी हेच निवडलं असतं. कपाटाच्या रेषांवरून मी येताजाता हात फिरवायला लागले होते.

खिडकीचं मात्र जमत नव्हतं. पडदा असो, गज असोत, तिच्याकडे पाठ करून बसलं की मानेवर काटा यायचा. एका संध्याकाळी हे म्हणाले, "बुजवून टाकू. विटा पडल्यात मागं." मी लगेच हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी गवंडी आला, त्यानं घमेल्यात सिमेंट कालवलं. तोच आत्याबाई काठी टेकत आल्या आणि खिडकीच्या खालच्या कट्ट्यावर बसल्या.

"उठा आत्याबाई, काम करू द्या त्यांना."

"म्या उठणार न्हाई."

"तुम्हीच म्हणत होता ना, खिडकी कशाला एवढी?"

"व्हय, म्हणत व्हते. तवा त्यो दिसला नव्हता." त्या गजाला धरून बसल्या. "अगं, त्या दिशी लाईट घालवल्यावर मला जरा दम आला. का? त्यो दिसला म्हणून. दिसला तर कुत्र्यापरीस जरा थोर. आता भिताड घातलं तर भिताडामागं किती मोठा आसंल, कुणी सांगावं? माझ्या मनात त्यो घराएवढा व्हईल. तुमी दोघं जाता कामाला. दिसभर ह्या भिताडासंगं म्याच बसायची हाय."

त्या दिवशी मला कळलं की आम्ही घर सजवत होतो ते तिघांच्या भीतीनं, आणि प्रत्येकाची भीती वेगळी होती. यांना भिंत हवी होती, मला चमक नको होती आणि आत्याबाईंना बाहेर दिसायला हवं होतं. गवंड्यानं कालवलेलं सिमेंट वाया जाऊ नये म्हणून त्याच्याकडून आत्याबाईंच्या कट्ट्यावर कडाप्पा बसवून घेतला, पॉलिश न केलेला. त्यावर त्यांनी स्वतःची गोधडी घडी करून टाकली. घाईत ठोकलेले आडवे गज काढून यांनी दुकानात स्वतः उभे गज जोडून आणले, जवळजवळ पण बारीक. त्यांतून डोंगर दिसतो. कापलेला दिसतो, पण दिसतो.

उन्हाळ्याच्या तोंडाशी पिंजऱ्यात एक बिबट्या सापडला. बघायला जत्रा जमली. त्याला घेऊन गेले त्या दिवशी गावात लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. आत्याबाई म्हणाल्या, "आपल्या घरी आल्याला ह्योच कशावरनं?" कुणालाच सांगता येईना. मीही जवळ जाऊन त्याचं तोंड पाहिलं होतं. मला ओळख पटली नाही.

मुलगी सुट्टीत आली. दारातच थांबली. "आई, हे काय केलंस? गोडाऊनसारखं झालंय. किती छान होतं, सगळं झाकून टाकलंस!" आधी तिनं असं म्हटलं असतं तर मी सतरंज्या गुंडाळल्या असत्या. या वेळी छातीत धडधडलं, पण म्हणाले, "मला आवडतं असं." ती दोन दिवस फुगून बसली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती हॉलमध्ये सतरंजीवर पालथी पडून पुस्तक वाचता वाचता झोपली होती. उठल्यावरही तिनं घर आवडलं असं काही म्हटलं नाही. आजपर्यंत म्हटलेलं नाही.

पुढच्या हंगामात आमचा ऊस तुटायला आला. ऊसतोडीची टोळी आली, बिऱ्हाडं घेऊन. पाणंदीच्या कडेला त्यांच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहिल्या; त्या खोपटांना दार नसतं, नुसतं पोतं लोंबतं. मी शाळेत जाता येता त्या पोत्याकडे बघायचे.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. भर दुपार. एकदम उसाच्या फडातून आरडाओरडा उठला. बायका कोयते टाकून बांधावरून पळत आल्या. उसाच्या सरीत बिबट्याची पिल्लं सापडली होती, डोळे नुकते उघडलेली. म्हणजे आई जवळपासच होती, आणि आता लपायला ऊस निम्माच उरला होता. पुरुष ट्रॅक्टरवर चढून बसले. बायकांना कुठं जावं कळेना; उघड्या कोप्यांत थांबायची कुणाची छाती होईना. मी दारात उभी होते. मी हाका मारायला लागले, "इकडं या! आत या, आत!"

त्या आल्या. कडेवर पोरं, डोक्याला पाचट, हातापायांना उसाची टोचरी कूस. दहाएक बायका हॉलमध्ये शिरल्या आणि शिरताक्षणी खाली बसल्या, सतरंजीवर, एकमेकींना चिकटून. मी कडी घातली. एका बाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिचं तान्हं ती कोपीत झोळीत ठेवून फडात आली होती, आणि पळताना वाटेतल्या कोपीतून ते उचललं की नाही हे तिला आठवत नव्हतं. ते तिच्याच छातीशी होतं. ती पुन्हा पुन्हा पदर बाजूला करून बघत होती.

आत्याबाई कट्ट्यावर बसून गजांतून बाहेर बघत होत्या आणि सांगत होत्या, "अजून कुणी न्हाई. कुत्री हायेत. ट्रॅक्टर हाय. आलं वाटतं जंगलवालं." त्यांचं ते सांगणं ऐकता ऐकता बायकांचे खांदे हळूहळू खाली आले. मी चहा टाकला. हे फोनवरून सारखे विचारत होते, कडी घातली का, मागचं दार लावलं का. एका बाईनं चहा घेताना कपाटाच्या लाकडावरून बोट फिरवलं. दुसरी भिंतीला डोकं टेकून म्हणाली, "बाई, हितं बसल्यावं कशाला हात लावायला भ्या न्हाई वाटत. तिकडं एका बंगल्यात पानी मागाय गेलतो, तर पाय कुठं ठिवावा कळंना." मी तिच्या कपात आणखी चहा ओतला.

वनखात्याच्या माणसांनी पिल्लं टोपलीत घालून त्याच सरीत ठेवली आणि सगळ्यांना लांब थांबायला सांगितलं. दिवस कलला तशा बायका उठायला लागल्या. मी म्हणाले, "आजची रात्र इथंच थांबा." टोळीच्या मुकादमाला विचारावं लागेल, सामान उघडं पडलंय, असं म्हणत बहुतेक जणी ट्रॅक्टरच्या उजेडात कोप्यांकडे गेल्या. तान्ह्याची आई आणि आणखी दोघी थांबल्या. हॉलमध्येच झोपल्या. सकाळी कळलं की मादी येऊन पिल्लं घेऊन गेली होती. पावलांचे ठसे बांधावरून आमच्या परसदाराजवळून गेलेले होते.

टोळी पुढच्या शिवारात गेली. सतरंजीत अडकलेलं उसाचं पाचट मी कितीतरी दिवस वेचत होते. यांनी परवा विचारलं, "आतल्या खोलीचं काय करायचं? तिथं अजून ती पांढरी फरशी तशीच आहे." मी म्हणाले, बघते. आता ऊस कापून झालाय, शिवार उघडं आहे, लांबवर दिसतं. तरी तिन्हीसांजेला मी सगळ्या कड्या दोनदा तपासते. मग हॉलमध्ये येऊन आत्याबाईंच्या शेजारी कट्ट्यावर टेकते. त्या जरा सरकून मला जागा देतात. आम्ही दोघी बाहेर बघत बसतो.